मधली बावीस मिनिटं: एका टीममधल्या भांडणाचं प्रकरण

सकाळी 6 वाजून 40 मिनिटांनी आलेला तो मेल जेमतेम तीन ओळींचा होता. 'काल सेकंड शिफ्टला लाइन 54 मिनिटं बंद होती. मेन्टेनन्सने स्लिप 32 मिनिटांची बंद केली आहे. उरलेल्या 22 मिनिटांचा खुलासा व्हावा.' मजकुरात वावगं काहीच नव्हतं. पण सीसीमध्ये अकरा जण होते आणि त्यातल्या सात जणांचा त्या मशीनशी काडीचाही संबंध नव्हता. दुपारी उत्तर आलं, तेही त्याच अकरा जणांना: 'मशीन 32 मिनिटांत ओके करून दिलं होतं. त्यानंतर चालवता आलं नाही, तर तो आमचा विषय नाही.'

मेल पाठवणाऱ्या होत्या पॅकिंग लाइनच्या प्रॉडक्शन सुपरवायझर आणि उत्तर देणारे होते त्याच लाइनचे मेन्टेनन्स इंजिनिअर. दोघांची टेबलं एकाच हॉलमध्ये, मध्ये फार तर पंधरा पावलांचं अंतर. लाइन माझ्याकडे होती, दोघंही मलाच रिपोर्ट करत होते आणि कागदावर आम्ही चौदा जणांची एकच टीम होतो.

हे प्रकरण मी सविस्तर लिहितो आहे, कारण मी आधी जे केलं ते चुकलं आणि ते नेमकं कुठे चुकलं हे समजायला मला तीन आठवडे लागले. नावं, कंपनी, माल यांतलं काही इथे दिलेलं नाही. त्यांची गरजही नाही. जिथे दोन विभागांचं काम एकाच ठिकाणी येऊन मिळतं, तिथे हे भांडण या ना त्या रूपात असतंच.

माणसं आणि मशीन

मशीनबद्दल थोडं सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. प्लास्टिकच्या फिल्मचा रोल वरून येतो, नळकांड्याभोवती गुंडाळला जातो, त्याला उभं सील बसतं, आत माल पडतो आणि खाली दोन तापलेले जॉ, म्हणजे धातूचे जबडे, एकमेकांवर दाबले जाऊन आडवं सील मारतात. पाऊच तयार. जॉच्या पोटात हीटर असतो, तापमान मोजायला थर्मोकपल असतं आणि फिल्म चिकटू नये म्हणून वर टेफ्लॉनचा टेप लावलेला असतो. हीटर गेला किंवा टेप फाटला की लाइन थांबते. बिघाडाची स्लिप लिहिली जाते, फिटर येतो, दुरुस्ती करतो, लाइन पुन्हा सुरू होते. ऐकायला सरळ वाटतं. सगळं भांडण 'पुन्हा सुरू होते' या तीन शब्दांत होतं.

सुपरवायझर चार वर्षांपासून लाइनवर होत्या. हिशेबाला पक्क्या, शिफ्ट संपायच्या आधी त्यांना आकडा तोंडपाठ असायचा. इंजिनिअरसाहेब 19 वर्षं याच प्रकारच्या मशीनवर काम करत आलेले. जॉ बंद होतानाच्या आवाजावरून ते बेअरिंगचं दुखणं ओळखायचे. दोघंही कामाला चोख. हे मुद्दाम सांगतो, कारण टीममध्ये भांडण आहे म्हटलं की लोक लगेच दोघांतला कामचुकार कोण ते शोधू लागतात. इथे तसा कुणीच नव्हता आणि म्हणूनच भांडण एवढं टिकलं. कामचुकार माणूस भांडण लवकर सोडून देतो. ज्याला आपलं काम नीट झालं याची खात्री असते, तो सोडत नाही.

लाइनवर एव्हाना तट पडले होते. ऑपरेटर मॅडमच्या बाजूचे, फिटर साहेबांच्या बाजूचे. ऑपरेटरने हाक मारली तर फिटर 'आधी स्लिप दे' म्हणायचा. स्लिप मिळाली की ऑपरेटर हात बांधून लांब उभा राहायचा. पूर्वी फिटर आला की ऑपरेटर आपणहून पाना पुढे करायचा, हे मी स्वतः पाहिलेलं आहे.

मी आधी काय केलं

मी दोघांना केबिनमध्ये बोलावलं. दार लावलं आणि सांगितलं की तुम्ही दोघं अनुभवी आहात, हे शोभत नाही, थोडं तुम्ही मागे या, थोडं त्यांनी यावं. सुपरवायझर छापलेलं लॉग घेऊन आल्या होत्या. त्यांनी ते माझ्यासमोर ठेवलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. इंजिनिअरसाहेबांनी कागदाकडे पाहिलंही नाही. ते म्हणाले, "साहेब, मशीन चालू करून देणं माझं काम. ते मी केलं. कागदं तुम्ही बघा."

शेवटी मी तोडगा काढला: 22 मिनिटं निम्मी-निम्मी. 11 प्रॉडक्शनच्या खात्यात, 11 मेन्टेनन्सच्या. दोघांनी मान डोलावली आणि मला वाटलं, मिटलं.

पुढच्याच आठवड्यात लाइनवर नवीन प्रकार सुरू झाले. मशीन पूर्ण थांबायच्या आधीच स्लिप लिहिली जाऊ लागली, म्हणजे वेळ लवकर सुरू होईल. दुसरीकडे फिटर पोचल्याबरोबर 'तपासणी सुरू' अशी वेगळी नोंद करू लागला, म्हणजे दुरुस्तीचा वेळ कमी दिसेल. वाद मिनिटांवरून नोंदीच्या खरेपणावर गेला. आधी ते एकमेकांच्या कामावर बोट ठेवत होते, आता एकमेकांना खोटं ठरवू लागले.

व्यवस्थापनाच्या अभ्यासक मेरी पार्कर फॉलेट यांनी 1925 मध्ये व्यवस्थापकांपुढे दिलेल्या एका व्याख्यानात मतभेद मिटवण्याच्या तीन वाटा सांगितल्या होत्या: एकाने दुसऱ्यावर मात करणं, दोघांनी थोडं थोडं सोडणं आणि दोघांच्या मूळ गरजा भागतील अशी तिसरी रचना शोधणं. दुसऱ्या वाटेबद्दल त्यांचं म्हणणं असं की तडजोडीत दोघांच्याही मनातलं काही ना काही उरतं आणि तोच वाद नव्या रूपाने परत येतो. हे मला माहीत होतं. तरी केबिनमध्ये दोन माणसं चिडून बसलेली असताना हात आपोआप निम्म्या-निम्म्या वाटणीकडेच गेला, कारण ती वाटणी दिसायला न्याय्य असते आणि दहा मिनिटांत होते.

दुसरी चूक त्याहून खोल होती. मी मनात ठरवून टाकलं होतं की हा स्वभावांचा प्रश्न आहे. मॅडम फार काटेकोर, साहेब फार हेकट. समोरच्याच्या वागण्याचं कारण आपण त्याच्या स्वभावात शोधतो आणि तो ज्या परिस्थितीत अडकला आहे तिला कमी लेखतो. ली रॉस या मानसशास्त्रज्ञाने 1977 मध्ये या सवयीला मूलभूत गुणारोपण दोष असं नाव दिलं. ते दोघं एकमेकांबद्दल हेच करत होते. मीही त्या दोघांबद्दल तेच करत होतो.

तिसरी चूक कुणीही टाळू शकेल अशी: दोघांचं वेगवेगळं ऐकून घेण्याआधीच मी त्यांना समोरासमोर बसवलं. जो माणूस मनातलं बोललेलाच नाही, तो समोरच्यापुढे फक्त आपली बाजू लढवतो.

एकेकाशी बोलणं

सुपरवायझरशी मी बोललो ते शिफ्ट संपल्यावर, एका रिकाम्या मीटिंग रूममध्ये. पहिली तीस-पस्तीस मिनिटं आकडेच चालले होते. मी मध्ये तोडलं नाही. मग विचारलं, "तुमच्या दोघांचं शेवटचं नीट काम कधी झालं होतं?" त्या थांबल्या. म्हणाल्या, मागच्या वर्षी नवीन फिल्मची ट्रायल झाली तेव्हा दोघंही रात्री उशिरापर्यंत थांबलो होतो. मग विचारलं, "आणि बिनसलं कधी?"

त्यांनी तारीख सांगितली. तीन महिन्यांपूर्वीची. त्या दिवशी जॉ सारखा चिकटत होता, त्यांनी तापमान वाढवायला सांगितलं होतं आणि इंजिनिअरसाहेब पाच ऑपरेटरांसमोर म्हणाले होते, "तुला मशीनमधलं काय कळतं? तू तुझे आकडे बघ."

"तोपर्यंत ते मला तुम्ही-आम्हीच करत होते, सर," त्या म्हणाल्या. "त्या दिवसापासून ऑपरेटर मला उत्तरं देताना आधी त्यांच्याकडे बघतात."

ही गोष्ट एकाही मेलमध्ये नव्हती. 22 मिनिटांचा खुलासा मागणारी प्रत्येक ओळ खरं तर या एका वाक्याचा खुलासा मागत होती. मराठीत बोलणं एकेरीवर आलं की आवाज न वाढवताही माणसाची पायरी खाली आणता येते. 'तुम्ही'चं 'तू' झालं एवढंच. पण ज्यांच्याकडून काम करून घ्यायचं त्यांच्यासमोर झालं, तर त्या 'तू'ची किंमत रोज, प्रत्येक सूचनेला मोजावी लागते.

मी त्यांना आणखी एक गोष्ट सरळ विचारली: असं एकदाच झालं की पुन्हा पुन्हा होतं? त्या बाई आहेत म्हणून होतं, असं त्यांना वाटतं का? आणि हेही सांगितलं की तसं असेल तर हा माझ्या मध्यस्थीचा विषय उरत नाही. तक्रारीची रीतसर वाट मोकळी आहे आणि मी तिच्या आड येणार नाही. त्यांनी विचार करून सांगितलं की एकदाच झालं आणि पुरुष सुपरवायझरलाही ते असंच बोलले असते. हा प्रश्न विचारल्याशिवाय पुढे जायला नको होतं. जिथे छळ आहे किंवा एकाच्या हातात दुसऱ्याची नोकरी आहे, तिथे 'दोघं बसून मिटवा' म्हणणं म्हणजे दुबळ्या बाजूला पुन्हा त्याच माणसाच्या तोंडी देणं.

इंजिनिअरसाहेब केबिनमध्ये बोलणार नाहीत हे मला आता माहीत होतं. मी त्यांना मशीनशेजारी गाठलं, मशीन बंद असताना. ते टेप कापत होते. बोलायला लागले ते हातातल्या कामाकडे बघतच. "साहेब, महिन्याच्या मीटिंगला माझ्या नावावर ब्रेकडाऊनची मिनिटं दाखवतात. त्यातली कितीतरी मी मशीनपर्यंत पोचायच्या आधीची असतात. दर शनिवारी मी 40 मिनिटं मशीन मागतो, पीएम करायला. सोडत नाहीत. मंगळवारी टेप फाटतो. मग विचारतात, ब्रेकडाऊन का वाढलं?" (पीएम म्हणजे बिघाड होण्याआधीच करायची नियमित देखभाल.)

मग मी त्या दिवसाचं वाक्य काढलं. त्यांना ते आठवतही नव्हतं. आठवल्यावर म्हणाले, "मुलीसारखी आहे म्हणून तोंडातून गेलं असेल." ते खोटं बोलत नव्हते. मी म्हणालो, "घरात मुलीला तू म्हणता ती माया असते. इथे पाच जणांसमोर तू म्हणालात, तेव्हा त्या पाच जणांनी काय ऐकलं असेल?" त्यांनी कात्री खाली ठेवली. उत्तर दिलं नाही. मीही मागितलं नाही.

दोन वह्या

त्यानंतर मी सहा आठवड्यांच्या नोंदी घेऊन बसलो. प्रॉडक्शनची वही एक, मेन्टेनन्सच्या स्लिपांची फाइल दुसरी. प्रत्येक ब्रेकडाऊनची दोन्हीकडची वेळ शेजारी-शेजारी लिहिली. तीन-चार पानं झाल्यावर लक्षात आलं की दोघंही खोटं लिहीत नव्हते. दोघांची घड्याळं वेगळ्या क्षणी सुरू होत होती आणि वेगळ्या क्षणी थांबत होती. प्रॉडक्शनची वेळ मशीन थांबल्यापासून सुरू व्हायची, मेन्टेनन्सची स्लिपवर सही झाल्यापासून. मेन्टेनन्सची वेळ 'ओके' लिहिलं की संपायची, प्रॉडक्शनची पहिला चांगला माल निघाला की.

कागदावर एवढं कळलं, पण मधली ती 22 मिनिटं नेमकी कशात जातात ते कळेना. म्हणून मी सेकंड शिफ्टला लाइनवर जाऊन उभा राहिलो. तिसऱ्या दिवशी हीटर गेला.

फिटरने हीटर बदलला, टेप नवीन लावला, गार्ड बसवलं. पॅनेलवर तापमान चढत गेलं आणि ठरलेल्या आकड्यावर येऊन थांबलं. त्याने हात पुसले आणि स्लिपवर लिहिलं: ओके, 7:48. खरंच ओके होतं. मशीन फिरत होतं, पाऊच पडत होते. ऑपरेटरने पहिला पाऊच उचलला, पाण्यात बुडवला आणि दाबला. डाव्या कोपऱ्यातून बारीक बुडबुड्यांची माळ वर आली. दुसरा, तोच कोपरा. तिसऱ्यात जरा कमी. थर्मोकपल जिथे बसवलेलं आहे तिथे जॉ तापला होता. लोखंडाचा कोपरा अजून मागे होता. तापमान जॉच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखं व्हायला वेळ लागतो आणि तो वेळ माणसाच्या हातात नसतो. लागोपाठ तीन पाऊच पास झाले तेव्हा 8 वाजून 9 मिनिटं झाली होती.

21 मिनिटं. फिटर कोपऱ्यात उभा होता, त्याचं काम संपलं होतं. ऑपरेटर पाण्याच्या टबाशी उभा होता, त्याचं सुरू झालं नव्हतं. तो वेळ दोघांपैकी कुणाचाच नव्हता, तो तापणाऱ्या धातूचा होता. आणि महिन्याच्या आढाव्यात मात्र तो कुणाच्या तरी माथी मारावाच लागत होता, कारण तक्त्यात रकाने दोनच होते: ब्रेकडाऊन, म्हणजे मेन्टेनन्स, आणि सेटिंग, म्हणजे प्रॉडक्शन. इंजिनिअरसाहेबांचं मूल्यमापन पहिल्या रकान्यावर, सुपरवायझरचं दुसऱ्यावर आणि एकूण मालावर. एकाचा आकडा सुधारायचा तर दुसऱ्याचा बिघडायलाच हवा, अशी ती मांडणी होती. ती मी केली नव्हती; पण दोन वर्षं दर महिन्याला मीच ती वाचून दाखवत होतो.

त्या तीन दिवसांत आणखी एक दुष्टचक्र दिसलं. बुडालेला वेळ भरून काढायला प्रॉडक्शन मशीनचा वेग वाढवायचं. वेग वाढला की जॉला सील मारायला मिळणारा वेळ कमी होतो, मग तापमान वाढवायचं. तापमान वाढलं की टेप लवकर जळतो. टेप गेला की ब्रेकडाऊन, की पुन्हा बुडालेला वेळ. शनिवारचं पीएम न सोडण्याचं कारणही तोच बुडालेला वेळ. दोघं आपापल्या जागी शहाणपणानेच वागत होते आणि दोघं मिळून मशीन मारत होते.

आधी कुठलं सोडवायचं

आता माझ्यापुढे दोन वेगळ्या गोष्टी होत्या. एक, रकान्यांमुळे होणारा कामाचा वाद. दोन, त्या 'तू'मुळे झालेली जखम. टीममधल्या संघर्षाच्या अभ्यासक कॅरेन जेन यांनी 1995 मध्ये कामावरून होणारे मतभेद आणि माणसामाणसांतले तणाव हे वेगळे मोजायला हवेत, असं दाखवून दिलं होतं. पुढे बराच काळ असं मानलं जाई की पहिला प्रकार टीमला उपकारकच. 2003 मध्ये डी ड्रू आणि वाइनगार्ट यांनी अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तर कामावरच्या मतभेदांचंही कामगिरीशी नातं एकंदरीत उलटंच निघालं. 2012 मध्ये जेन यांच्याच सहभागाने झालेल्या मोठ्या आढाव्यात चित्र थोडं स्पष्ट झालं: कामाचा मतभेद माणसांमधल्या तणावात मिसळलेला नसेल, तिथे तो फारसा बाधत नाही. मी यातून माझ्यापुरतं एवढंच घेतलं की आधी दोन्ही धागे सोडवून वेगळे करायचे. नाहीतर नवा रकाना आखायला बसलो, तरी दोघांना त्यात जुनंच वाक्य ऐकू येईल.

अनेक व्यवस्थापक इथे उलट करतात. नियम बदलतात, तक्ता बदलतात आणि माणसं आपोआप शांत होतील असं धरून चालतात. मला ते पटत नाही. नियम चुकीचा होता म्हणून भांडण सुरू झालं असेल, पण अपमान नियमाने केलेला नसतो.

मी माफी मागायला लावली नाही. मागायला लावलेली माफी ऐकणाऱ्यालाही कळते. मी इंजिनिअरसाहेबांना फक्त एवढं सांगितलं की त्या वाक्यानंतर ऑपरेटर मॅडमचं ऐकताना आधी तुमच्याकडे बघतात, आणि हे तुम्हालाही नको असेल. चार दिवस काहीच झालं नाही. पाचव्या दिवशी शिफ्ट बदलताना, चार्ज देणारे आणि घेणारे दोन्ही शिफ्टचे ऑपरेटर लाइनवर असताना, ते मॅडमजवळ गेले आणि म्हणाले, "मॅडम, त्या दिवशी मी तुमच्याशी ज्या भाषेत बोललो, ते बरोबर नव्हतं." त्या म्हणाल्या, "ठीक आहे." आणि आकडे लिहायला वळल्या. पाऊण मिनिटसुद्धा लागलं नसेल. जिथे मान गेला होता, तिथेच आणि त्याच लोकांसमोर तो परत मिळाला, हे महत्त्वाचं होतं. केबिनमध्ये दार लावून झालं असतं, तर ते ऑपरेटरांपर्यंत पोचलंच नसतं.

मेल लगेच थांबले नाहीत. पण सीसीमधली नावं अकरावरून चारवर आली.

फळ्यावरचं एक ब्रेकडाऊन

मग आम्ही तिघं बसलो. या वेळी समोरासमोर नाही, फळ्याकडे तोंड करून. मी पाहिलेला तो एकच ब्रेकडाऊन मिनिटामिनिटाने फळ्यावर लिहायचा, एवढंच काम. अट एकच: वाक्यात माणूस येणार नाही, फक्त वेळ आणि घडलेली गोष्ट येईल. 'फिटर उशिरा आला' नाही. '7:02 ला स्लिप, 7:09 ला फिटर मशीनवर'. पहिल्या दहा मिनिटांत मला चार वेळा वाक्य दुरुस्त करायला लावावं लागलं. नंतर ते दोघंच एकमेकांचं दुरुस्त करू लागले.

फळा भरला तेव्हा 7:48 ते 8:09 ही पट्टी मधोमध मोकळी दिसत होती. सुपरवायझर बराच वेळ तिकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "यात आपण दोघंही काहीच करत नाही."

तिथून रचना बदलली. घड्याळ एकच ठेवलं: मशीन थांबल्यापासून लागोपाठ तीन पाऊच पास होईपर्यंत. त्याचे तीन भाग केले: कळवणं, दुरुस्ती आणि स्थिरावणं. तिसऱ्यापुढे कुणाच्याही विभागाचं नाव नाही. एकूण मिनिटं दोघांच्याही मूल्यमापनात, सारख्याच वजनाने. दोन वह्यांची एक वही झाली, ती मशीनजवळच राहते आणि प्रत्येक नोंदीवर ऑपरेटर आणि फिटर दोघांच्या सह्या असतात. शनिवारची 40 मिनिटं प्लॅनमध्ये आधीच धरली. वेग आणि तापमानाची मर्यादा मशीनवर चिकटवली. ती ओलांडायची तर सुपरवायझर आणि इंजिनिअर दोघांची संमती हवी. आणि मेलबद्दल एक साधा नियम: आधी उठून जाऊन बोलायचं, मग लिहायचं, आणि तिसऱ्या माणसाला सीसी करायचं ते दोघांनी बोलून पाहिल्यावरच. सुरक्षेचा किंवा छळाचा विषय असेल तर हा नियम लागू नाही; तिथे थेट वर जायचं.

या सगळ्यात सर्वांत मोठा फायदा ज्या गोष्टीने झाला, ती आमच्या तिघांपैकी कुणाला सुचलीच नव्हती. नव्या वहीचा दुसरा आठवडा चालू असताना सेकंड शिफ्टचा एक ऑपरेटर म्हणाला, "हीटर बदलून झाला आणि गार्ड लागलं की हीट चालू करा ना. जॉ तापेपर्यंत मी फिल्म ओवून घेतो, आय मार्क लावतो, तारखेचं कोडिंग बघतो." (आय मार्क म्हणजे पाऊच कुठे कापायचा हे मशीनला दाखवणारी फिल्मवरची खूण.) आधी हे का होत नव्हतं? कारण 'ओके' लिहिलं जाईपर्यंत वेळ मेन्टेनन्सच्या खात्यात होता आणि त्यांच्या वेळेत ऑपरेटरने हात लावायचा नाही, असा अलिखित दंडक पडला होता. म्हणून फिल्म, मार्क, कोडिंग हे सगळं बऱ्याचदा 'ओके' नंतर सुरू व्हायचं आणि स्थिरावण्याचा वेळ आणखी ताणला जायचा. काम एकमेकांवर आणल्यावर ती पट्टी 22 मिनिटांवरून 12-13 वर आली. तीन महिने आम्ही ती मिनिटं कुणाची यावर भांडलो. ती कमी करता येतील का, हे विचारायला कुणी मोकळंच नव्हतं.

मानसशास्त्रज्ञ मुझफर शेरीफ यांनी 1954 मध्ये ओक्लाहोमातल्या रॉबर्स केव्ह इथल्या शिबिरात मुलांच्या दोन गटांवर केलेला प्रयोग या संदर्भात नेहमी सांगितला जातो. दोन्ही गटांना नुसतं एकत्र आणून वैर कमी झालं नाही. बंद पडलेला पाणीपुरवठा सुरू करण्यासारखी, एका गटाला एकट्याने न जमणारी कामं समोर आली तेव्हा झालं. 'आपण सगळे एक टीम आहोत' हे वाक्य मी वर्षानुवर्षं मीटिंगमध्ये बोलत आलो होतो. त्याने काही घडलं नव्हतं, कारण प्रत्येकाला दुसऱ्याशिवाय आपला आकडा गाठता येत होता, किंबहुना दुसऱ्याला मागे ढकलून तो अधिक सहज गाठता येत होता. एकच घड्याळ आल्यावर ते शक्य राहिलं नाही. अर्थात शिबिरातली मुलं काही आठवड्यांनी आपापल्या घरी गेली. इथे दोघांना सोमवारी पुन्हा त्याच हॉलमध्ये बसायचं होतं.

जे झालं नाही

त्या दोघांची मैत्री झाली नाही. मी तशी अपेक्षाही ठेवली नव्हती. ते एकमेकांना 'मॅडम' आणि 'साहेब' म्हणतात, कामाचं बोलतात आणि पंधरा पावलं चालून जातात.

सहाव्या आठवड्यात एकदा तोल गेला. वहीत 'शेरा' या रकान्यात इंजिनिअरसाहेबांनी लिहिलं: 'वेग कुणी वाढवला हे सर्वांना माहीत आहे.' मी काही करण्याआधी सुपरवायझर वही घेऊन त्यांच्या टेबलाशी गेल्या. काय बोलणं झालं ते मला माहीत नाही; मी विचारलं नाही. संध्याकाळी तो शेरा एका रेघेने खोडलेला होता, शेजारी वेग किती होता तो आकडा आणि खाली दोघांच्या सह्या.

ज्या दोन माणसांचा प्रश्न सुटला नाही, त्यांच्याकडे माझं लक्षच उशिरा गेलं. एक ऑपरेटर आणि एक फिटर, दोघं आपापल्या वरिष्ठांसाठी भांडले होते. वरिष्ठांचं जमलं, यांचं नाही. त्यांच्यात जे बोलणं झालं होतं, ते वरच्या दोघांपेक्षा जास्त कडू होतं आणि त्यांच्याशी वेगळं बसून कुणी बोललंच नव्हतं. मी बोललो तोवर फिटरने दुसऱ्या लाइनवर बदली मागून घेतली होती. ती चूक माझी. भांडण ज्यांच्या नावाने ओळखलं जातं त्यांच्यापाशीच मी थांबलो. ज्यांनी ते रोज खांद्यावर वाहिलं, त्यांच्यापर्यंत वेळेत पोचलो नाही.

आणि वरच्या कार्यालयाला जाणारा महिन्याचा अहवाल अजूनही जुन्याच दोन रकान्यांचा आहे. आमच्या वहीतली तीन भागांची वेळ मी दर महिन्याला हाताने त्यात बसवतो आणि स्थिरावण्याची मिनिटं तळटीप देऊन वेगळी दाखवतो. तिसरा रकाना मिळावा म्हणून एकदा लेखी विनंती केली, ती सगळ्या लाइनचा अहवाल एकसारखा हवा म्हणून परत आली. पुढच्या तिमाही बैठकीत फळ्याचा फोटो आणि सहा आठवड्यांच्या दोन्ही वह्यांच्या नोंदी घेऊन ती पुन्हा मांडायची आहे. या वेळी सुपरवायझर आणि इंजिनिअरसाहेब दोघंही सोबत येणार आहेत.